दहा वर्षांची हमी, अकरा दिवसांचा निवारा

रायपूरच्या जेल रोडवर पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९६३ साली सुरू झालेलं हे कॉलेज छत्तीसगडमधलं सर्वांत जुनं. त्याला जोडलेल्या रुग्णालयाच्या पाटीवर ‘डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती चिकित्सालय’ असं लिहिलेलं आहे, पण स्टेशनवर रिक्षात बसताना ‘मेकाहारा’ म्हटलं की काम भागतं. मेडिकल कॉलेज हॉस्पिटल, रायपूर या लांबलचक नावाचं हे सुटसुटीत रूप ओडिशाच्या सीमेवरून उपचारासाठी येणाऱ्या खेडुतांनाही तोंडपाठ असतं.

या कॉलेजातून एमबीबीएस होणाऱ्या मुलामुलींनी प्रवेशाच्या वेळीच एका कागदावर सही केलेली असते. शिक्षणाचा बहुतेक खर्च सरकार करतं, म्हणून पदवीनंतर दोन वर्षं सरकार पाठवेल त्या ठिकाणी नोकरी करायची. ती नाही केली तर लाखांच्या घरातली रक्कम भरायची. मुलं याला नुसतं ‘बाँड’ म्हणतात. कुणाला सुकमा मिळतं, कुणाला विजापूर (कर्नाटकातलं नव्हे, बस्तरमधलं), कुणाला बलरामपूर. नशीबवान असेल त्याला रायपूरपासून दोन-तीन तासांवरचं एखादं आरोग्य केंद्र.

ज्यांचं नाव या रुग्णालयाला आहे, त्यांनीही एका बाँडवर सही केली होती. परदेशी शिक्षणासाठी सरकारी पैसा, आणि त्या बदल्यात परत येऊन नोकरी, या सौद्याचा आधुनिक भारतातला सर्वांत गाजलेला नमुना तोच. आजच्या बाँडबद्दल चालणाऱ्या वादांमध्ये त्याची आठवण फारशी निघत नाही. निघायला हवी, कारण त्या प्रकरणात शिष्यवृत्तीवाला पळाला नव्हता. तो परत आला होता.

हकिकत १९१३ची. भीमराव रामजी आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले होते. कॉलेजच्या काळातच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे नेलं होतं आणि महाराजांनी दरमहा पंचवीस रुपये सुरू केले होते. पदवी मिळताच भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, पण थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सुभेदार गेले. त्याच वर्षी महाराजांनी काही विद्यार्थी अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवायचं ठरवलं आणि भीमरावांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी बडोद्यात शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यासमोर करारनाम्यावर सही झाली. शिष्यवृत्ती तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंड. अट अशी की ठरवून दिलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि तो संपल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची.

दहा वर्षं म्हणजे आजच्या दोन वर्षांच्या पाचपट. पण त्या काळाच्या मानाने सौदा वाजवी होता, आणि देणारा माणूसही साधा नव्हता. मालेगावजवळच्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला मुलगा दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला. १८९३ मध्ये त्याने अमरेली भागात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं आणि १९०६ पर्यंत ते सगळ्या राज्यात नेलं. परदेशी शिकून आलेल्या तरुणांच्या हाती राज्याची खाती द्यायची, हा त्याच्या राज्यकारभाराचा विचारपूर्वक ठरवलेला भाग होता.

न्यूयॉर्कमध्ये भीमरावांनी काय केलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. १९१५ मध्ये एम.ए., मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जातिसंस्थेवरचा निबंध, त्याच वर्षी डॉक्टरेटचा प्रबंध सादर, आणि ऑक्टोबरमध्ये लंडनला जाऊन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन अशा दोन्ही ठिकाणी नाव दाखल. तेवढ्यात मुदत संपली आणि बडोद्याच्या दिवाणांचं बोलावणं आलं. लंडनचा अभ्यास अर्ध्यावर होता. विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परतण्याची सवलत घेऊन ते निघाले. सामानाची पेटी वेगळ्या बोटीने पाठवली होती. महायुद्धाचे दिवस होते, ती बोट टॉर्पेडोने बुडाली आणि जमवलेली पुस्तकं समुद्रात गेली. ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईत उतरले. बडोद्याला जायलाही हाताशी पैसे नव्हते. बुडालेल्या सामानाची भरपाई टॉमस कुक कंपनीकडून मिळाली, तिच्यातून तो प्रवास झाला. हमी पाळायला निघालेल्या माणसाचं भाडं असं बुडालेल्या पुस्तकांनी भरलं.

महाराजांनी त्यांना स्टेशनवर उतरवून घ्यायचा हुकूम दिला होता. कोणी आलं नाही.

त्यांना महाराजांचा लष्करी सचिव नेमलं होतं आणि पुढेमागे अर्थखातं त्यांच्याकडे द्यायचं, असा विचार होता. कोलंबियात सार्वजनिक अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसासाठी याहून योग्य जागा शोधून सापडली नसती. म्हणजे कागदावर सगळं नीट होतं. पण कचेरीतले शिपाई फायली लांबूनच त्यांच्या टेबलावर टाकत आणि ते उठून गेले की जाजम गुंडाळून ठेवत. पिण्याचं पाणीही मिळत नसे. शहरात एकही हिंदू खानावळ त्यांना ठेवून घेईना. शेवटी ते खोटं पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले, भाडं रोजचं दीड रुपया. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी दिवाणांकडे अर्ज केला होता, तो अर्ज पुढे सरकत नव्हता.

पुढचं त्यांनीच आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघाले असताना हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून वर आले. संध्याकाळपर्यंत खोली खाली करायची, एवढंच त्यांचं म्हणणं. आंबेडकरांनी दोन मित्रांना आसरा मागितला. एक हिंदू होता. तो म्हणाला, तुम्ही आलात तर नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती झालेला ब्राह्मण; त्याला आधी बायकोला विचारायचं होतं. आंबेडकरांना उत्तर कळलं. रात्री नऊच्या गाडीला वेळ होता, तोवर ते कामाठीबागेत बसून राहिले आणि मग मुंबईला परतले. पुढे केळुसकरांनी आणखी एकदा खटपट केली. बडोद्यातल्या एका प्राध्यापकाने त्यांना आपल्या घरी ठेवून घ्यायचं कबूल केलं. आंबेडकर बडोदा स्टेशनावर उतरले तर हातात चिठ्ठी पडली, घरातून नकार आला होता. ते तिथूनच परत फिरले.

दहा वर्षांच्या नोकरीतले काही थोडे दिवस पार पडले आणि करार मोडला. कोणी मोडला, हा प्रश्न वाचणाऱ्याला पडतो, पण बडोद्याच्या दप्तराला तो पडल्याचं दिसत नाही. संस्थानाने पुढे शिष्यवृत्तीच्या रकमेची मागणी केली. करारनाम्यात आंबेडकरांनी काय करायचं ते लिहिलं होतं. संस्थानाने त्यांना राहायला छप्पर द्यायचं की नाही, हे त्यात नव्हतं. दिवाण मनुभाई मेहता यांच्याकडे आंबेडकरांनी गाऱ्हाणं नेलं, तेव्हा मेहतांनी असमर्थता दाखवली. आणि महाराज? त्यांची नियत साफ होती याबद्दल वाद नाही. पण हुकूम राजवाड्यातून सुटतो आणि पाण्याचा तांब्या कचेरीत असतो. मधला प्रवास कोणीच केला नाही.

पुढे नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, १९२० मध्ये शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने घेतलेले पाच हजार रुपये अशा जोरावर लंडनचा अभ्यास पुरा झाला. म्हणजे ज्याला अर्थखात्यासाठी घडवलं, तो त्या अर्थखात्याला मिळाला नाही. तोटा एकट्या बडोद्याचा झाला.

परतफेडीच्या सगळ्या वादाची मेख इथे आहे. विद्यार्थ्याच्या अर्ध्या करारावर मुद्रांक असतो, जामीनदार असतात, दंडाची रक्कम असते. सरकारच्या अर्ध्या कराराचं नाव मात्र कुठेच घेतलं जात नाही.

याची उलटी बाजू रायपूरमध्येच पाहायला मिळते. शहरात बूढापारा भागात डे भवन आहे. लहानपणी स्वामी विवेकानंद रायपुरात असताना तिथे राहिले, असं सांगतात, आणि पर्यटकांना ती वास्तू दाखवतात तीही त्यासाठीच. पण त्याच घरातल्या एका मुलाकडे कोणाचं लक्ष जात नाही. वकील भूतनाथ डे यांचा मुलगा हरिनाथ. १८७७ मध्ये कोलकात्याजवळ आडियादह इथे जन्म, बालपण आणि सुरुवातीची शाळा रायपूरला, नंतर प्रेसिडेन्सी कॉलेज. तिथून सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात. परत आल्यावर १९०१ मध्ये त्यांना थेट इंडियन एज्युकेशनल सर्व्हिसमध्ये घेतलं. तोवर त्या सेवेत इंग्रजांचाच राबता होता आणि हरिनाथ तिथे पोहोचणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी होते. ढाका, कोलकाता, हुगळी अशा बदल्या झाल्या आणि १९०७ मध्ये ते कोलकात्याच्या इम्पीरियल लायब्ररीचे पहिले भारतीय ग्रंथपाल झाले. हेच आजचं राष्ट्रीय ग्रंथालय. त्यांना चौतीस भाषा येत असत असं सांगतात, आणि आयुष्यही चौतीसच वर्षांचं लाभलं. १९११ मध्ये ते गेले. ब्रिटिश सरकारबद्दल चांगलं बोलायची इथे काही गरज नाही, पण एवढं खरं की हरिनाथ परतले तेव्हा त्यांच्यासाठी एक खुर्ची तयार होती, आणि त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला पाणी देणारा शिपाईही होता.

रायपूरचंच आणखी एक नाव, आणि हे नाव जास्त बोचतं. राधेलाल हरेलाल रिछारिया. नागपूर विद्यापीठातून पुढे केंब्रिजला जाऊन वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि परत येऊन आयुष्यभर एकाच पिकाच्या मागे लागले, भाताच्या. कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे ते संचालक होते. साठच्या दशकात फिलिपिन्सहून आलेले बुटके, जास्त उत्पादनाचे वाण सरसकट लावायला त्यांनी विरोध केला. त्यांच्याबरोबर रोग येतील, त्यांना खत फार लागेल आणि देशी बियाणं हरवेल, असं त्यांचं म्हणणं. त्यात त्यांना संचालकपद गमवावं लागलं. सत्तरच्या दशकात मध्य प्रदेश सरकारने त्यांना रायपूरच्या भात संशोधन केंद्रात बोलावलं. तुटपुंज्या खर्चात त्यांनी छत्तीसगडच्या गावागावातून भाताचे हजारो वाण गोळा केले. हा साठा सुमारे एकोणीस हजारांचा सांगितला जातो. काळा, लाल, जांभळा तांदूळ, सुवासाचे वाण, खोल पाण्यात तग धरणारे वाण, दुष्काळात हाती येणारे वाण. आणि मग सरकारने ती संस्थाच गुंडाळली. १९९६ मध्ये रिछारिया वारले. त्यांच्या साठ्याचं महत्त्व काय, हे २००२ मध्ये सगळ्यांना कळलं, जेव्हा तो ज्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे आला होता, त्याच्याबरोबर सिंजेंटा या परदेशी कंपनीचा करार होऊ घातला. छत्तीसगडात एवढा गहजब झाला की कंपनीने माघार घेतली. रिछारिया कोणत्या बाँडवर केंब्रिजला गेले, हा मुद्दा इथे गौण आहे. ते परतले आणि काम करत राहिले. थांबले ते काम करू देणारे.

आणि एक गंमत. रायपूर नावाचं दुसरं एक गाव मुलतान जिल्ह्यात होतं, आता ते पाकिस्तानात आहे. तिथल्या पटवाऱ्याचा मुलगा हरगोविंद खुराणा १९४५ मध्ये भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर लिव्हरपूलला गेला आणि डॉक्टरेट घेतली. १९४९ मध्ये तो थोडे दिवस भारतात आला आणि परत इंग्लंडला गेला. पुढे कॅनडा, मग अमेरिका, आणि १९६८ चं नोबेल. ‘सरकारने पैसा घातला आणि फळ दुसऱ्याने नेलं’ असं म्हणणाऱ्यांना हे उदाहरण फार आवडतं. फाळणीनंतरच्या त्या भारतात एका जैवरसायनशास्त्रज्ञाला द्यायला प्रयोगशाळा कुठे होती, हे मात्र ते विचारत नाहीत. नेहरूंच्या सरकारला तो प्रश्न पडला असावा, कारण १९५८ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने परदेशातून परतणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी ‘सायंटिस्ट्स पूल’ ही योजना सुरू केली: कायमची नोकरी मिळेपर्यंत हंगामी जागा आणि पगार. योजना अपुरी होती, पण सरकारने आपल्या अर्ध्या कराराकडे पाहिलं, असं म्हणायला ती पुरते.

परतफेडीची दुसरीही एक रीत आपल्याकडे जुनी आहे आणि ती नोकरीची अट न घालता चालते. १८९२ मध्ये जमशेटजी टाटांनी परदेशी शिक्षणासाठी निधी काढला, तो कर्जाच्या रूपात. पहिल्या लाभार्थींमध्ये दोन स्त्री-डॉक्टर होत्या, एक फ्रेनी कामा आणि दुसऱ्या कृष्णाबाई केळवकर, ज्यांनी पुढे कोल्हापुरात काम केलं. लंडनच्या अर्थशास्त्र संस्थेत शिकलेले के. आर. नारायणनही याच निधीच्या आधाराने गेले. पैसे फेडा, बाकी तुमचं आयुष्य तुमचं. हिशेब सरळ आहे, पण ज्याच्या घरी जमीन नाही आणि जामीनदार म्हणून उभा राहील असा एकही नातेवाईक पगारदार नाही, त्याच्यासाठी तो सरळ राहत नाही.

आंबेडकरांना हे पक्कं ठाऊक होतं. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं, आणि त्यानंतर केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या शिक्षणासाठी वर्षाला तीन लाख रुपये मंजूर केले. बडोद्याच्या करारनाम्याचा धडा ते विसरले नसणार. पण परतफेडीची अपेक्षाही त्यांनी सोडली नव्हती. मार्च १९५६ मध्ये आग्र्याच्या सभेत त्यांनी शिकलेल्या वर्गाबद्दल उघड निराशा बोलून दाखवली, आपलं पोट भरण्यापलीकडे त्यांना समाज दिसत नाही, अशा अर्थाने. आजही रायपूर-भिलाईच्या बौद्ध वस्त्यांत जयंतीच्या भाषणांमध्ये या सभेचा उल्लेख होतो. कोर्टात चालणारा बाँड तो नव्हता, पण त्याचं ओझं मुंबई-नागपूरच्या कित्येक अधिकाऱ्यांनी आयुष्यभर वाहिलं, आणि कित्येकांनी ते सोयीस्करपणे उतरवूनही ठेवलं.

आज केंद्राची ‘राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती’ आहे, १९५४-५५ पासूनची. सामाजिक न्याय मंत्रालयाकडे १२५ जागा: ११५ अनुसूचित जातींसाठी, सहा विमुक्त-भटक्यांसाठी, चार भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांसाठी. आदिवासी कार्य मंत्रालयाकडे वेगळ्या वीस, त्यांतल्या तीन अतिमागास आदिवासी गटांसाठी. २०११ च्या जनगणनेत देशात दहा कोटींवर आदिवासी होते, आणि छत्तीसगडच्या लोकसंख्येत तर त्यांचं प्रमाण ३०.६ टक्के. रायपूरहून गरियाबंदकडे गेलं की कमार जमातीची गावं लागतात. बैगा, पहाडी कोरवा, बिरहोर, अबुझमाडिया हेही इथलेच. साऱ्या देशातल्या अशा गटांमधून तीन जणांनी परदेशात शिकायचं. एवढ्यांवरही बाँड हवाच, असा आग्रह धरणाऱ्याने आधी जागा मोजाव्यात.

रायपूर-भिलाईच्या मराठी कुटुंबांची अडचण आणखी वेगळी. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे आणि तिच्यात पंचाहत्तर जागा आहेत, पण ती महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी. आणि छत्तीसगडमध्ये राज्याचा अनुसूचित जातीचा दाखला हवा तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा इथला निवास दाखवावा लागतो. भिलाई पोलाद कारखान्याची पहिली भट्टी १९५९ मध्ये पेटली. विदर्भातून त्या भट्टीवर कामाला आलेल्या माणसाचा नातू इथलाही नाही आणि तिथलाही नाही. त्याच्यासाठी परतफेडीचा प्रश्न पुढचा. आधी घेण्याची वेळच येत नाही.

२०२५ च्या जुलैमध्ये तर वेगळंच झालं. केंद्राच्या योजनेत त्या वर्षी १०६ जण निवडले गेले, पण तात्पुरती निवडपत्रं मिळाली पहिल्या चाळीस जणांना. उरलेल्या सहासष्टांना सांगण्यात आलं की निधी उपलब्ध झाला तर बघू. परदेशी विद्यापीठांचे प्रवेश सप्टेंबरमध्ये असतात. त्याआधी व्हिसा, त्याआधी पैशाचा पुरावा. ‘बघू’ या शब्दावर व्हिसा मिळत नाही. याआधी २०२२ मध्ये नियम बदलून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाज यांवरचा अभ्यास या शिष्यवृत्तीतून वगळला होता. तोच नियम १९१३ मध्ये असता, तर कोलंबियातला जातिसंस्थेवरचा निबंध कोणत्या पैशांवर लिहिला गेला असता?

परत येण्याची सक्ती आता परदेशच करतो, ही यातली गमतीची गोष्ट. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती घेतली की शिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी राहावंच लागतं. बुलढाण्याच्या शेतकरी घरातला राजू केंद्रे २०२१ मध्ये चेव्हनिंगवर लंडनच्या सोआसमध्ये गेला, आणि विदर्भातल्या पहिल्या पिढीच्या मुलांना देशी-परदेशी विद्यापीठांपर्यंत नेणारं ‘एकलव्य’चं काम चालवतो. अमेरिकेच्या फुलब्राइटसारख्या देवाणघेवाणीच्या व्हिसावर गेलेल्यांनाही दोन वर्षं परतण्याची अट असते. त्यातून सूट हवी तर आपल्याच सरकारकडून ‘परतण्याचं बंधन नाही’ असं पत्र लागतं. २०११ मध्ये केंद्राने डॉक्टरांना ही पत्रं देणं बंद करायचं ठरवलं आणि डॉक्टर अडकले. शिक्षणाचा पैसा सरकारचा नसलेले डॉक्टरसुद्धा. इथे बाँड नव्हता, सही नव्हती; तरी सरकारने वसुलीचा हक्क सांगितला.

इतर देशांनी काय केलं? सिंगापूरने आपल्या सरकारी शिष्यवृत्तीच्या बाँडबद्दल फार कडक धोरण ठेवलं. १९९८ मध्ये तिथल्या आर्थिक विकास मंडळाचे प्रमुख फिलिप यो यांनी बाँड मोडणाऱ्यांची नावं जाहीर करायला सुरुवात केली आणि संसदेपर्यंत वाद गेला: पैसे भरून मोकळं होणं हा सौद्याचा भाग आहे की बेइमानी? पण तिथे परतणाऱ्याला काम मिळतं, चांगलं काम मिळतं, आणि घरही मिळतं. कझाकिस्तानच्या ‘बोलाशाक’ योजनेत, १९९३ पासून, घरची मालमत्ता तारण ठेवावी लागते आणि परतून पाच वर्षं काम करावं लागतं; राजधानी सोडून प्रांतात काम केलं तर मुदत तीन वर्षांवर येते. त्या छोट्या कलमात मोठी समज आहे. दूर जाणं हीच अर्धी परतफेड, असं तिथल्या सरकारने मानलं.

छत्तीसगडचा अनुभव या समजुतीला पुष्टीच देतो. १ नोव्हेंबर २००० रोजी राज्य झालं तेव्हा सरकारी मेडिकल कॉलेज फक्त रायपूरचं होतं. बिलासपूर, जगदलपूर, रायगड, राजनांदगाव, अंबिकापूर, कांकेर, कोरबा, महासमुंद हे सगळं नंतरचं. खेड्यात डॉक्टर नाहीत म्हणून २००१ मध्ये राज्याने खेड्यातल्या मुलांसाठी तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला. डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि काही वर्षांत अभ्यासक्रम बंद पडला. पण तोवर शिकलेल्यांना ‘ग्रामीण वैद्यकीय सहायक’ म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमलं गेलं. २०१० मध्ये पब्लिक हेल्थ फाउंडेशनच्या अभ्यासात नेहमीच्या आजारांच्या उपचारात ते एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या तोडीचे निघाले. आणि मुख्य म्हणजे ते गावात राहिले. त्यांना गावात राहायला भाग पाडणारा कागद शोधावा लागला नाही, कारण त्यांची गावंच तिथली होती.

दुसरा प्रयोग ‘छत्तीसगड रूरल मेडिकल कोअर’चा, साधारण २००९-१० चा. दुर्गम आरोग्य केंद्रांची वर्गवारी केली: साधी, कठीण, अतिकठीण. जितकं केंद्र कठीण तितका जादा मोबदला, शिवाय विमा, राहायची सोय, मुलांच्या शिक्षणाला मदत, आणि पदव्युत्तर प्रवेशात जादा गुण. यातलं काय, किती आणि किती वेळेवर मिळालं, याबद्दल बस्तरमधल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या तक्रारी आहेत, आणि त्या ऐकण्यासारख्या आहेत. पण इथे सरकारने पहिल्यांदा आपल्या बाजूची कलमं लिहून काढली.

बाँड चालूच आहे. १९ ऑगस्ट २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांचे असे वैद्यकीय बाँड वैध ठरवले: सार्वजनिक पैशावर शिकलेल्याकडून काही काळ सार्वजनिक सेवा मागणं घटनाबाह्य नाही. त्याच निकालात न्यायालयाने केंद्राला देशभरासाठी एकसारखं धोरण करण्याचंही सुचवलं, कारण एका राज्यात एक अट, दुसऱ्यात दुसरी, असा गोंधळ होता. निकाल चुकीचा आहे असं म्हणता येणार नाही. रायपूरच्या वर्गात बसलेल्या मुलाच्या शिक्षणाचा खर्च ज्या गोंड किंवा हलबा शेतकऱ्याच्या करातून, धानाच्या मंडीतून आणि खाणींच्या रॉयल्टीतून येतो, त्याच्या गावात डॉक्टर जायला हवा. पण पोस्टिंगचा आदेश महिनोन् महिने निघत नाही, निघाला तर केंद्रात क्वार्टर नसतं, असलं तर त्याला दार नसतं, आणि बाई डॉक्टर असेल तर रात्रीच्या सुरक्षेचं काय, हे विचारायला कोणाचाच नंबर लागत नाही. बाँडच्या कागदावर या गोष्टींसाठी रकाना ठेवला, तर सरकारच्या बाजूने सही करणाऱ्या अधिकाऱ्याला निदान वाचून सही करावी लागेल. आदेश किती दिवसांत, क्वार्टर कोणतं, पगार कोणत्या तारखेला, आणि मुदतीत यातलं काही मिळालं नाही तर सेवेचे किती महिने आपोआप कमी होणार. चार ओळी पुरतात. बडोद्याच्या करारनाम्यात त्या असत्या, तर दिवाणांच्या टेबलावरचा बंगल्याचा अर्ज अकरा दिवसांत निकाली निघाला असता, किंवा मग वसुलीचं पत्र तरी संस्थानाला लिहिता आलं नसतं.